चार कार्नेशन

हाकोदाते बंदरामागे, दुसऱ्या मजल्यावर,
दर गुरुवारी साडेसहाला
मी अकरा संगणक चालू करते. बारावा मार्चपासून मुका.
पडद्यांवर उजाडतं इर्कुत्स्क:
हिरवा रंग उडालेला जिना,
एक दार, आणि दारात अंतोनिना पाव्लोव्ना,
एप्रनला हात पुसत, दर आठवड्याला तितकीच आनंदून.

धडा सातवा. पाहुणे म्हणून जाणे.
उंबऱ्यावरूनच हात मिळवलात, की भोंगा,
मग एक सभ्य आवाज: आधी आत या.
बूट घालून शिरलात, भोंगा.
(इथे माझा वर्ग कधीच चुकत नाही.)
रिकाम्या हाती गेलात तर भोंगा नाही,
अंतोनिना फक्त जरा कमी हसते.
कोपऱ्यात फुलांचं दुकान. तीन घ्या, पाच घ्या, सात घ्या.
सम संख्या मात्र नको.

कुमागाई-सान एकाहत्तरचे. खेकड्यांच्या लिलावात जन्म गेला.
माउससुद्धा तसाच धरतात, मागून, दोन बोटांत,
नांगी लागेल म्हणून.
चार कार्नेशन. भोंगा.
चार कार्नेशन. भोंगा.
शेजारची चिहाया, रात्रपाळीची नर्स, कुजबुजते:
तीन, आजोबा, तीन.
ते मान हलवतात. म्हणजे ऐकलं. एवढंच.
चार.
गुणांचा रकाना शून्याखाली गेला.
मी त्यांचा हेडफोन कानाला लावून पाहिला. ठणठणीत होता.

मी कोर्साकोवची. आडनाव कान.
आमच्या घरी समोवार नव्हता.
गॅलरीत किमचीची बरणी होती, बर्फात गळ्यापर्यंत पुरलेली,
आणि वडील तीन भाषांत शिव्या द्यायचे,
हिशेब मात्र चौथीत, मनातल्या मनात.
त्या घरावर क्लिक करायला पडद्यात कुठेच जागा नाही.
हा कार्यक्रम बनवणारे विचारायला आले होते,
तेव्हा मीच म्हणाले होते,
राहू द्या, मुलांचा गोंधळ उडेल.

वर्ग सुटला. कुमागाई-सान कोट घालून उभेच.
रशियनमध्ये म्हणाले:
गेन्नादी. बोट. खेकडा. वीस वर्षं.
मग क्रियापदापाशी अडले.
भूतकाळ आम्ही नवव्या धड्यात घेतो.
म्हणून म्हणाले, गेन्नादी आहे. टेकडीवर आहे.
आणि बोट दाखवलं खिडकीबाहेर,
जिथे परदेशी थडगी समुद्राकडे तोंड करून आहेत.

मग जपानीत, हळू:
तुमच्यात गेलेल्या माणसाला किती फुलं नेतात?
सम, म्हटलं मी. दोन, चार, सहा.
वाटलंच होतं, म्हणाले. त्यानेच सांगितलं होतं एकदा, पिऊन.
खात्री नव्हती.
आमच्याकडे चार आणि मरण, उच्चार एकच.
दवाखान्यात चार नंबरची खोली नसते.
हे ऐकून तो इतका हसला होता, टेबल थोपटत,
बघ, म्हणाला, एका ठिकाणी तरी जुळलं आपलं.
मला पाहायचं होतं, चार दिल्यावर
ही बाई मला कुठे पाठवते.

मी मेनू पाहिला. पाठ आहे, तरी पाहिला.
घर, बाजार, स्टेशन, नाट्यगृह, दवाखाना.
दवाखान्यात सगळ्यांना सर्दीच होते.

शिक्षकांच्या पासवर्डने भोंगा बंद करता येतो.
पुढच्या गुरुवारी मी एकाच संगणकाचा केला.
कुमागाई-साननी चार घेतली.
अंतोनिना पाव्लोव्नाने हात पुढे केले, फुलं घेतली,
आणि थांबली.
पुढचं काही चित्रित केलेलंच नव्हतं.
नुसती उभी, दारात, पापण्या मिटत, उघडत,
मिटत, उघडत.
त्यांनी हेडफोन काढला,
खुर्चीतल्या खुर्चीत पडद्याला वाकून नमस्कार केला.

मग मागे गेले. तीन घेतली.
बूट काढले, आणि आत शिरले.